बेनापोलच्या पलीकडची खबरही भावफलकावर लागू द्या

प्रति,
मा. सभापती, संचालक मंडळ आणि सचिव,
विदर्भातील सर्व कृषी उत्पन्न बाजार समित्या

विषय : शेजारी देशांची कामाची माहिती बाजार आवारात रोज लावण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडचा संत्रा, हिंगणघाट-यवतमाळकडचा कापूस आणि अकोला-वाशीमची तूर या तिन्ही मालांच्या भावात शेजारी देशांचा हात आहे. संत्र्याचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश, बेनापोल हे त्याचं सीमेवरचं नाकं. कापसाचंही मोठं गिऱ्हाईक तोच. तुरीत म्यानमार आपला स्पर्धक. एवढा रोजचा संबंध असून अडत्याच्या गादीवर आणि लिलावाच्या ओट्यावर ऐकू येतं ते एवढंच: "बांगलादेशनं ड्युटी वाढवली", "बर्माची तूर उतरली". ड्युटी का वाढली, कशावर मोजतात, कधी बदलू शकते, हे विचारलं की पुढे कोणी बोलत नाही. पाकिस्तानबद्दल प्रत्येकाचं मत तयार असतं, पण मुलतान-बहावलपूरचा शेतकरीही आपल्यासारखाच गुलाबी बोंडअळीने गांजलेला आहे, हे क्वचितच कोणाला ठाऊक असतं. हे अज्ञान आपल्याला रोख पैशात महाग पडतं, म्हणून हे पत्र शाळा-कॉलेजांच्या आधी आपल्याला लिहीत आहोत.

संत्र्याचं उदाहरण तपशिलात मांडतो. २०१९ मध्ये आपल्या संत्र्यावर बांगलादेशात किलोमागे साधारण २० रुपये आयातशुल्क पडत होतं. २०२३च्या आंबिया बहाराला (नोव्हेंबरच्या सुमारास निघणाऱ्या फळाला) ते ८८ रुपयांवर गेलं. राज्य सरकारने तेव्हा त्यातल्या निम्म्याचा, म्हणजे किलोमागे ४४ रुपयांचा भार उचलायचं जाहीर केलं. या आकड्यांवर निवेदनं झाली, बातम्या आल्या. हा ८८चा आकडा तयार कसा होतो, ते मात्र आवारात कुठे लिहिलेलं आमच्या पाहण्यात नाही.

तो असा होतो. मे २०२२ नंतरचे त्यांचे दर घ्या आणि कस्टमने माल शंभराचा धरला असं समजा. सीमाशुल्क २५ टक्के, म्हणजे २५. नियामक शुल्क २० टक्के, म्हणजे २०. बेरीज १४५ झाली. आता पूरक शुल्क २० टक्के, पण ते शंभरावर लागत नाही, १४५वर लागतं: २९. बेरीज १७४. या १७४वर १५ टक्के व्हॅट: २६.१०. त्याच १७४वर ५ टक्के आगाऊ कर: ८.७०. शिवाय मूळ शंभरावर ५ टक्के आगाऊ आयकर: ५. निव्वळ कराची बेरीज ११३.८०. शंभराच्या मालावर ११४चा कर. मे २०२२ पूर्वी यातलं नियामक शुल्क ३ टक्के होतं आणि तेव्हा हीच बेरीज ८९.३२ येत होती. एका दरात १७ची वाढ झाली आणि एकूण बोजा साडेचोवीसने वाढला, कारण पुढचे कर आधीच्या करांवरही बसतात. त्यानंतरही या दरांत फेरबदल झाले आहेत. दर बदलतील, मोजण्याची रीत हीच राहते. म्हणून ती एकदा समजून घेतली की पुढच्या प्रत्येक बातमीचा अर्थ घरबसल्या लावता येतो.

हा 'शंभराचा माल' बिलावरच्या किमतीचा असेलच असं नाही. कस्टम डॉलरमध्ये प्रतिकिलो एक किमान किंमत धरतं आणि कर तिच्यावर लावतं. याचे दोन परिणाम थेट आपल्या बगीच्यात दिसतात. इथे भाव पाडून दिला तरी तिथला कर कमी होत नाही. आणि लहान फळ, मोठं फळ, दोघांना किलोमागे कर सारखाच पडत असल्याने निर्यातदार मोठं, एकसारखं, घट्ट सालीचं फळ तेवढं उचलतो आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, बांधावर राहते. उक्त्या (अख्ख्या बगीच्याच्या एकरकमी) सौद्यात हंगामाच्या मधेच शुल्क वाढलं तर व्यापारी इसार सोडून पाय काढून घेतो, कारण वाढीचा फटका इसाराच्या रकमेपेक्षा मोठा असतो. शेतकरी त्याला बेइमान म्हणतो. तोही असेल, पण इसाराची रक्कम आणि तोडणीची तारीख ठरवताना शुल्काचा धोका कोणाच्याच हिशेबात नव्हता, हेही खरं आहे.

डॉलरचंही तसंच. २०२२च्या सुरुवातीला एक डॉलर साधारण ८६ टक्यांना (टका हे बांगलादेशचं चलन) मिळत होता, २०२३च्या अखेरीला ११०च्या आसपास. कराच्या दराला कोणी हात लावला नसता तरी ढाक्याच्या आयातदाराला तेवढ्यानेच किलोमागे आधीपेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कर टक्यांत भरावा लागला असता. आपल्याकडे मात्र सगळ्या वाढीला 'ड्युटी वाढवली' हा एकच शब्द आहे.

आणि त्यांनी हे विदर्भावर डूख धरून केलेलं नव्हतं. बांगलादेशची परकीय गंगाजळी ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरपर्यंत गेली होती. पुढे युक्रेन युद्धाने तेल, गॅस, खत महागलं आणि ती झपाट्याने उतरली. डॉलर वाचवायला त्यांनी मे २०२२ मध्ये १३५ वस्तूंवर नियामक शुल्क वाढवलं. त्या यादीत फळं, फुलं, फर्निचर आणि सौंदर्यप्रसाधनं होती. सफरचंद, द्राक्षं, माल्टा सगळेच त्यात सापडले. आपल्या दृष्टीने संत्रा हा शेतमाल, त्यांच्या खजिन्याच्या दृष्टीने ती चैनीची आयात. हे कारण वेळीच कळलं असतं तर आपली निवेदनं वेगळ्या भाषेत गेली असती. 'संत्रा वगळा' एवढंच म्हणण्याऐवजी 'बहाराच्या तीन महिन्यांपुरती सवलत द्या' किंवा 'किमान किंमत फळाच्या आकाराप्रमाणे धरा' असं नेमकं काहीतरी दिल्लीमार्फत मागता आलं असतं. नेमक्या मागणीवर वाटाघाट होऊ शकते.

त्याच बाजारात त्याच महिन्यांत भूतानचा संत्राही उतरतो. त्याची तोडणी नोव्हेंबरपासून सुरू होते, आपला आंबियाही तेव्हाच निघतो. भूतान आणि बांगलादेश यांच्यात ६ डिसेंबर २०२० रोजी सवलतीच्या शुल्काचा व्यापार करार झाला. भूतान म्हटलं की आपल्याला डोंगर आणि राजा आठवतो. पण डोंगरउतारावर संत्रा पिकवून तो सीमेपलीकडे पाठवणारा शेतकरी तिथेही आहे आणि त्याचा माल पेटीत कसा भरतात, किती दिवसांत पोचतो, हे निदान वरुडच्या बाजारात तरी माहीत असायला हवं.

आता वेळापत्रक. इथे सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो. बांगलादेशचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. अर्थसंकल्प जूनमध्ये मांडला जातो आणि कस्टमचे बदल बहुधा मांडल्या दिवसापासूनच लागू होतात. जूनमध्ये आंबियाचं फळ झाडावर लहान असतं, सौदे व्हायचे असतात. म्हणजे सौद्याआधी शुल्क पाहून घ्यायला अख्खे दोन-तीन महिने हातात असतात. नियामक शुल्क मात्र अधिसूचनेने केव्हाही बदलू शकतं, त्यामुळे त्यावर बारमाही लक्ष हवं.

तिथे सरकारी कचेऱ्या आणि बँकांना शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, आपल्याकडे रविवार. दोन्हीकडच्या बँका पक्क्या उघड्या असतात त्या सोमवार ते गुरुवार, आठवड्याचे चारच दिवस. एलसीमधली (बँकेच्या पतपत्रातली) दुरुस्ती गुरुवारी दुपारनंतर निघाली तर ती सोमवारवर जाते. वरुडहून निघालेला ट्रक तेराशे किलोमीटरच्या आसपास धावून पेट्रापोलला पोचतो, तिथे रांग, मग पलीकडे बेनापोलच्या यार्डात माल उतरवून त्यांच्या ट्रकमध्ये चढवायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, प्रत्येक चढउतारीत कॅरेटमधल्या खालच्या थराला मार बसतो आणि मार बसलेलं फळ तीन दिवसांत बुरशी धरतं. मेणाचा लेप दिलेला माल थोडा दम धरतो. त्यात कागदासाठी चार दिवस यार्डात गेले तर वरचा थर बरा दिसतो आणि खालून पाणी सुटतं. पोचल्यावर भाव पडतो तो बहुतेक या खालच्या थरामुळे. म्हणून ट्रक बगीच्यातून कोणत्या वारी निघतो याला महत्त्व आहे. शुक्रवारी-शनिवारी निघालेला ट्रक सोमवार-मंगळवारी सीमेवर लागतो, तो सर्वांत सोयीचा.

रमजानचंही तसंच. इफ्तारला फळ लागतं, त्या महिन्यात तिथे फळांना मागणी असते. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो मार्चभर होता, २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल, म्हणजे मृग बहाराच्या तोडणीच्या ऐन सुरुवातीला. पुढे सरकत सरकत तो जानेवारीत, मग डिसेंबरअखेरीस येईल आणि आंबियाच्या शेवटच्या तोडणीला गाठेल. मृग घ्यायचा की आंबिया, झाडांना दिलेला पाण्याचा ताण कधी तोडायचा, हे ठरवणाऱ्याने पाण्याबरोबर हाही हिशेब धरला पाहिजे. ज्या गावांत मुस्लिम शेजारी पिढ्यान् पिढ्या आहेत तिथेही हा हिशेब बगीच्यापर्यंत पोचलेला नाही, याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूने आपण कसे दिसतो, तेही पाहू. २९ सप्टेंबर २०१९ला आणि पुन्हा १४ सप्टेंबर २०२०ला भारताने कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. दुसऱ्या खेपेला भरलेले ट्रक सीमेवर अडकून कांदा सडला. पहिल्या खेपेनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितलं की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितलं आहे. आपल्याकडे ही निर्यातबंदी इथल्या महागाईचा विषय होती. ढाक्याच्या घरात तो भारताने दिलेला दगा होता. ड्युटी वाढली की आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना तेव्हा वाटलं. दोन्हीकडच्या सामान्य माणसाला पलीकडचं कारण कोणी सांगितलं नाही. सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना ढाक्यातच ८ डिसेंबर १९८५ रोजी स्थापन झाली, पण तिची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर तशी परिषद नाही. वरच्या पातळीवरून माहिती झिरपत खाली येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

तुरीबद्दल थोडक्यात. अकोल्याच्या डाळमिलमध्ये 'लेमन' म्हणून जी तूर येते ती म्यानमारची. तिथे ती मागवे, सगाइंग, मंडाले या मधल्या कोरड्या पट्ट्यात होते, आपल्यासारख्याच कमी पावसाच्या जमिनीत. तिथल्या लोकांच्या जेवणात तुरीला फारसं स्थान नाही, पीक मुख्यतः भारताला विकण्यासाठीच घेतात. म्हणजे दिल्लीने आयात उघडली की आपण घाबरतो आणि बंद केली की तो शेतकरी बुडतो. मे २०२१ मध्ये तूर आयात खुली झाली आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्याच वर्षी पाच वर्षांसाठी दरवर्षी १ लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद म्यानमारकडून घेण्याचा करार झाला. १ फेब्रुवारी २०२१ला तिथे लष्कराने सत्ता घेतली, आणि मागवे-सगाइंग हाच पट्टा पुढे लढाईत सापडला. तिथला रस्ता बंद झाला, यांगून बंदरात माल उतरला नाही, तर चेन्नई बंदरात पोचणाऱ्या तुरीचा डॉलरमधला भाव आधी हलतो आणि मग अकोल्याचा. आपल्या शेतकऱ्याने तूर जानेवारीत विकायची की मार्चपर्यंत धरायची, हे ठरवायला चेन्नई पोचचा टनाचा भाव आणि यांगूनची खबर या दोन गोष्टी लागतात. आपल्या भावफलकावर दोन्ही नसतात.

आणखी एक. ज्या भदंत चंद्रमणी महास्थवीरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा दिली, ते मूळचे आराकानचे, म्हणजे आजच्या म्यानमारचे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या लाखो लोकांचं या देशाशी असं नातं आहे. तरी गावात म्यानमारचं नाव निघतं ते फक्त तुरीचा भाव पडल्यावर.

कापसात गोष्ट वेगळी आहे. बांगलादेशात कापूस त्यांच्या गरजेच्या मानाने नगण्य पिकतो, पण सूतगिरण्या आणि कपड्यांचे कारखाने प्रचंड. भारताचा कापूस त्यांना जवळचा म्हणून हवा असतो. लवकर पोचतो, साठा करून ठेवावा लागत नाही. तक्रार एकच: कचरा आणि परके धागे. वेचणीला प्लास्टिकची चुंगडी (पोती) वापरली की तिचे तंतू कापसात मिसळतात, जिनिंगमध्ये तुकडे होतात, सुतात जातात आणि कापड रंगवताना तो धागा रंग घेत नाही. पूर्ण ताग्यावर पांढरे ठिपके पडतात. गिरणीवाला ते नुकसान पुढच्या खरेदीत वसूल करतो किंवा ब्राझीलकडे वळतो. सुती ओढणी, सुती चुंगडी आणि वेचणाऱ्या बायांना किलोमागे थोडी जास्त मजुरी हाच त्यावरचा इलाज. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने भूमार्गाने भारतीय सूत घेणं थांबवलं आणि मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे भूमार्गाने घेणं थांबवलं. हे दोन निर्णय आपल्या जिनिंगच्या गेटवर किती जणांना माहीत होते?

आता मागणी. भावफलकाशेजारी सहा फूट बाय चार फुटांचा एक फळा लावा. फळं २०१६ पासून नियमनमुक्त आहेत, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकता येतात, संत्रा आमच्या आवारात येत नाही, असं काही समित्या म्हणतील. शेतकरी मात्र येतो. फळ्यावर लिहायचं ते मोजकं: आपल्या मालावरचं आजचं शुल्क आणि ते लागू झाल्याची तारीख, टक्याचा आणि डॉलरचा दर, पेट्रापोल-बेनापोल, घोजाडांगा-भोमरा, महदीपूर-सोना मशीद या नाक्यांवर काम चालू आहे की थांबलं, येत्या पंधरा दिवसांतल्या तिकडच्या सुट्ट्या, आणि तुरीच्या हंगामात चेन्नईचा भाव. खालच्या कोपऱ्यात दर आठवड्याला एका शेजारी देशातल्या एका शेती भागाची चार ओळींत ओळख, मग ते पाकिस्तानातलं सरगोधा का असेना, जिथे किन्नो संत्रा होतो. संगणक चालकाला सकाळी लिलावापूर्वी अर्धा-पाऊण तास पुरेल. शुल्क बांगलादेशच्या राष्ट्रीय महसूल मंडळाच्या संकेतस्थळावर असतं, चलनाचा दर बांगलादेश बँकेच्या, पेट्रापोलची खबर आपल्या भूबंदर प्राधिकरणाकडे, बाकीच्या नाक्यांची कस्टमकडे, आपले आयात-निर्यातीचे आदेश डीजीएफटीकडे (विदेश व्यापार महासंचालनालयाकडे). बांगलादेशचं 'डेली स्टार', नेपाळचं 'काठमांडू पोस्ट', भूतानचं 'क्युएन्सेल', पाकिस्तानचं 'डॉन' ही दैनिकं इंग्रजीत निघतात आणि फोनवर वाचता येतात.

चुका कुठे होतात, तेही सांगून ठेवतो. पहिली, तारखेशिवाय लिहिलेला आकडा. जुना शुल्काचा मेसेज वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहतो आणि सौदे त्यावर मोडतात. दुसरी, टका आणि रुपया यांची गल्लत. टका रुपयापेक्षा स्वस्त आहे, त्यामुळे ढाक्याचा भाव रुपये समजून वाचला की उगाच मोठा दिसतो आणि शेतकरी माल अडवून बसतो. तिसरी, तिथला किरकोळ भाव किलोचा आणि इथला सौदा हजार फळांचा किंवा उक्ता. रूपांतर फळ्यावरच करून द्या, नाहीतर तुलना चुकते. चौथी चूक सर्वांत घातक: ऐकीव बातमी लिहिणं. ज्या दिवशी खात्री नाही त्या दिवशी रकाना कोरा ठेवा.

बांगला कोण वाचणार, असा प्रश्न पडेल. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून येऊन वसवलेली बंगाली कुटुंबं आहेत. त्यांची तिसरी पिढी बांगला बोलते, मराठी शाळेत शिकते आणि आपल्यातलीच आहे. बेनापोलच्या एजंटशी फोनवर बोलणं, तिथली अधिसूचना वाचून दोन ओळींत मराठी करणं हे काम ही मुलं-मुली करू शकतात. संत्रा पट्ट्यातल्या समित्यांनी मिळून अशा दोघांना हंगामापुरतं मानधनावर घेतलं तर सेसच्या (बाजार शुल्काच्या) उत्पन्नात तो खर्च दिसणारही नाही. त्यांची भाषा आपण आजवर फक्त कागदपत्रं तपासताना लक्षात घेतली, हे बरोबर नाही. गोंदियाकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी वसाहत आहे. तिथले लोक हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत येतात. त्यांच्याकडूनही हिमालयापलीकडचं पुष्कळ कळू शकेल, पण तो वेगळा विषय आहे.

हा विषय पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी फळा उभा राहील असं पाहा, म्हणजे बांगलादेशचा अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा पहिलाच मजकूर कामाचा असेल. पहिल्या महिन्याचा मजकूर रोज तयार करून द्यायची, शुल्काच्या हिशेबाचा तक्ता छापून द्यायची आणि संगणक चालकांना दोन दिवस शिकवायची आमची तयारी आहे. जागा, फळा आणि माणूस तेवढा आपण द्या.

आपले,
वरुड-मोर्शी, अकोला, हिंगणघाट आणि चामोर्शी परिसरातील उत्पादक, अडते, निर्यातीची कागदपत्रं करणारे आणि शिक्षक